ताटातली मिठाची जागा

नमस्कार सिस्टर,

आम्ही कळव्याजवळ खारेगावला राहतो. घरात चार माणसं: मी, हे, मुलगा आणि सून. ह्यांचं वय ५६, ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत फिटर होते. शुगर पंधरा वर्षांपासून. चौदा महिन्यांपासून डायलिसिस, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळची शिफ्ट. ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ६२ किलो. दर खेपेला तीन-साडेतीन किलो वाढवून जातात, सोमवारी तर चार. मी पाणी मोजून देते, तांब्या कपाटात ठेवते. तरी परवा मध्यरात्री बाथरूमच्या नळाखाली ओंजळ धरून पिताना दिसले. फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या शर्टाच्या खिशात सापडतात. गेल्या रविवारी मित्राच्या स्कूटरवरून ठाण्याला जाऊन मामलेदारची मिसळ खाऊन आले. पायात गोळे येतात म्हणून मशीन अर्धा तास आधीच बंद करायला लावतात. बोललं की म्हणतात, "मरायचंच आहे तर खाऊन मरू दे." मुलगा म्हणतो, आई, सोड ना. आणि युनिटमध्ये मलाच विचारतात, "काकू, काय खाऊ घातलंत?" मी आणखी किती पहारा ठेवू?

- खारेगावची एक वाचक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ओंजळीपाशी अडकले. बावीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर म्हणून काढली. दात घासताना चार घोट गिळणारे पाहिलेत, एका गोळीच्या निमित्ताने अख्खा ग्लास संपवणारे पाहिलेत, काट्यावर चढण्याआधी चपला, पट्टा, मोबाइल, किल्ल्या सगळं काढून ठेवणारे पाहिलेत. तेव्हा मी त्यांना बेशिस्त म्हणायचे. "काकू, काय खाऊ घातलंत?" हे वाक्य माझ्याही तोंडून कितीदा तरी गेलंय, आणि आज त्याची खंत वाटते. घरच्या बाईला ते कसं लागत असेल याचा मी तेव्हा विचारच केला नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, ताई.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहारा वाढवू नका, उठवा. पाण्यावरचा पहारा पूर्ण उठवा आणि तीच सगळी मेहनत मिठावर घाला.

तहान दटावून गप्प बसत नाही. रक्तात मीठ वाढलं की मेंदू तहान लावतो, आणि ते मीठ पुरेसं पातळ होईपर्यंत लावतच राहतो. सलाइनची बाटली तुम्ही दर खेपेला बघता. त्यात एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या अंगातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच. म्हणजे ९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर जवळजवळ लिटरभर पाणी मागणारच. तुमची-माझी किडनी जास्तीचं मीठ लघवीतून टाकून देते. ह्यांचं मीठ शुक्रवारी दुपारी आत गेलं की सोमवारी मशीनवर चढेपर्यंत आतच. आता हिशोब करा. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लं तर शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ, जवळजवळ तीन दिवसांचे ३० ग्रॅम, म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी. तेच मीठ ५ ग्रॅमवर आणलं तर दीड लिटरच्या आसपास. तांब्या कपाटात ठेवून या हिशोबात काहीच फरक पडत नाही. शरीर नळ शोधतं. त्यात साखर चढलेली असली की तहान दुप्पट होते, म्हणून ह्यांची शुगर हासुद्धा पाण्याचाच प्रश्न समजा.

चेंदणी कोळीवाड्यातले एक आजोबा आमच्याकडे यायचे. दर वेळी चार-चार किलो वाढवून यायचे, दर वेळी माझी बोलणी खायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, "सिस्टर, पानी तर मोजूनच पितो." मला ते खोटं वाटायचं. एकदा त्यांच्या घरी जायचा योग आला. दुपारची वेळ, ताटात भात, सुक्या बोंबलाचं कालवण, भाजलेला पापड, कैरीचं लोणचं. आजींनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं, "वरून मीठ एक कण देत नाही." खरंच देत नव्हत्या. देण्याची गरजच नव्हती. सुकी मासळी ताज्यावर आली, पापड-लोणचं बंद झालं, आणि तीनेक आठवड्यांनी आजोबा अडीच किलोवर आले. पाण्याबद्दल त्यांना त्या काळात कुणीही एक शब्द बोललेलं नव्हतं.

तुमच्या घरात मीठ किती जातं ते कुणाला न विचारता कळेल. उद्या मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडा आणि तिच्यावर पेनाने तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, डायलिसिसवाल्यालाही साधारण तीच मर्यादा. चार माणसांचे दिवसाचे २० ग्रॅम. म्हणजे ती पिशवी ५० दिवस पुरायला हवी. पंचवीस दिवसांत संपली, तर घरातला प्रत्येक जण दुप्पट मीठ खातोय. आणि यात फरसाण, पाव, बिस्किटं, पापड, सॉस, पाकिटातल्या नूडल्सचा मसाला धरलेलाच नाही.

ह्यांच्या एकट्याचं अळणी काढू नका. मी हात जोडून सांगते. भाजी एकच असू दे, सगळ्यांना कमी मिठाची. ज्याला हवं त्याने आपल्या ताटात वरून चिमूट घ्यावी. घरातल्या कर्त्या माणसासमोर रोज वेगळं पातेलं येणं किती जिव्हारी लागतं, ते मी बेडशेजारी बसून ऐकलंय. पहिले दहा-पंधरा दिवस सगळ्यांनाच जेवण बेचव लागेल. मग जीभ वळते. तोवर आलं, लसूण, मिरी, जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, थोडं लिंबू पिळून. आगळ मात्र नको, त्यात मीठ घातलेलं असतं. सैंधवाने काही साधत नाही, तेही मीठच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीच्या माणसाला ते हृदयापर्यंत नडू शकतं.

आता पायातले गोळे. ते ह्यांचं नाटक नाही. मशीनने तासाला किती पाणी ओढावं याला मर्यादा असते. ताशी किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो असं बरेच डॉक्टर धरतात. ६२ किलोला चार तासांत ते होतं साधारण ३.२ लिटर. ह्यांच्यात सोमवारी चार लिटर असतात. मग जोरात ओढलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, माणूस कळवळून म्हणतो बंद करा. अर्धा तास आधी बंद केलं की पाणी आत राहतं आणि पुढची खेप आणखी जड जाते. त्या शेवटच्या अर्ध्या तासात पाणी तर निघायचं असतंच, शिवाय पोटॅशियम आणि फॉस्फरसही. ह्यांच्याशी मशीनच्या वेळेवरून भांडू नका, ते दुखणं त्यांचं आहे. युनिटमध्ये डॉक्टरांना तुम्हीच विचारा की पाणी जास्त असेल त्या दिवशी साडेचार-पाच तास हळूहळू ओढता येईल का, आणि ड्राय वेट अजून ६२च बरोबर आहे का. चौदा महिन्यांत अंग भरतं किंवा उतरतं, आकडा मात्र फाइलीत तसाच पडून राहतो. आपलं ध्येय दोन खेपांमध्ये दोन ते अडीच किलो. एकदम नाही, आधी साडेतीनवरून तीनवर.

रविवारबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात घाबरवणारी गोष्ट तीच आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात मोठं. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या बत्तीस हजारांवर डायलिसिस रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती होणं, दोन्ही या मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी जास्त दिसलं. आणि आपल्याकडे नेमका रविवारीच मित्र येतो, मटण शिजतं, भेटायला येणारा पाहुणा शहाळं घेऊन येतो. शहाळं आजाऱ्याला चांगलं हे आपल्या हाडात भिनलंय, पण एका शहाळ्यात पाणीही आलं आणि भरपूर पोटॅशियमही. पाहुण्यांना दारातच सांगा, वाईट वाटलं तरी चालेल. पोटॅशियम वाढल्याचं अनेकदा कळतच नाही. कधी पाय लुळे पडल्यासारखे वाटतात, धडधडतं. आडवं झाल्यावर दम लागला, पायांतली ताकद गेली किंवा छातीत धडधड झाली, तर सोमवारची वाट बघायची नाही. रविवार असो, रात्र असो, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

मिसळीचं मला समजतं. ठाण्यात वाढलेल्या माणसाला ती फक्त भूक भागवायला नको असते. स्कूटरवर मागे बसून जाणं, मित्राबरोबर घाम पुसत खाणं, आजारपणाच्या आधीचा रविवार, तो हे सगळं शोधत असतो. पण तिथली तर्री, फरसाण, पाव आणि वरून ढोसलेलं पाणी मिळून सोमवारचे चार किलो होतात. तेव्हा तुम्ही मिसळ घरी करा. मोड आलेली मटकी भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या, त्याबरोबर बरंचसं पोटॅशियम जातं. बटाटा घालायचा तर सोलून बारीक चिरून असाच उकडून पाणी टाकून. टोमॅटोला फाटा, कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण, मीठ नावापुरतं. फरसाणाऐवजी घरी भाजलेले बिनमिठाचे पोहे. वाटी लहान. आणि त्या मित्राला घरी बोलवा. रविवारी नको, बुधवारी संध्याकाळी बोलवा.

पाण्याचं माप ह्यांच्याच हातात द्या. ते फिटर होते. जन्मभर मापात काम केलेल्या माणसाच्या हातून ग्लास काढून घेतला की तो ओंजळ धरतो. आधी चोवीस तासांत लघवी किती होते ते एकदा मोजा. डॉक्टर सहसा तेवढी लघवी अधिक ५०० ते ७५० मिलिलिटर असं पाणी देतात. तुमचा आकडा त्यांच्याकडून पक्का करून घ्या. तेवढं पाणी सकाळी एका बाटलीत भरायचं. चहा प्यायला, आमटी घेतली, ताक घेतलं, की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. उरलेलं दिवसभराचं. हे सगळं त्यांनी करायचं. घरात एक वजनकाटा आणा. रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, आणि आकडा त्यांनीच वहीत लिहायचा. ती वही तुम्ही उघडायची नाही, ताई. त्यांनी दाखवली तर बघा. तोंड कोरडं पडलं की खळखळून चूळ भरून थुंकायची, लवंग-वेलची चघळायची, लिंबाची गोठवलेली फोड चोखायची. मे महिन्यात ठाण्याच्या दमट उकाड्यात एवढ्यावर भागणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे. म्हणून तर मिठापासून सुरुवात करायला सांगते.

खिशातल्या गोळ्यांबद्दल मला वेगळं सुचतं. गोळी खिशात सापडते, म्हणजे त्यांनी ती बरोबर नेली होती. चारचौघांत घ्यायला लाजले असतील, विसरले असतील, किंवा नकोच वाटली असेल. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हे पुष्कळ जण डॉक्टरला सांगतच नाहीत. आणि गोळ्या तरी किती! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात डायलिसिसचा साधारण रुग्ण दिवसाला १९ गोळ्या घेत होता, त्यातल्या जवळपास निम्म्या फॉस्फरसच्या. या गोळीचं काम रक्तात नसतं. जेवणातला फॉस्फरस ती आतड्यातच धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. म्हणून ती घासाबरोबरच पोटात जायला हवी. तासाभराने आठवण झाली तर धरायला काही उरलेलं नसतं. न घेतल्याचं त्या दिवशी काहीच कळत नाही, महिन्यांनी अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात.

आपल्याकडे ताट वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतात, मग लिंबू, चटणी, लोणचं. ह्यांच्या ताटातली मिठाची जागा आता रिकामी होणार आहे. तिथे ती गोळी वाढा. काही बोलायचं नाही, आठवण करायची नाही. दोन घास झाले की ते घेतील, शक्यतो पाण्याऐवजी भाताच्या घासाबरोबर. चावायची की अख्खी गिळायची ते औषधाप्रमाणे बदलतं, एकदा केमिस्टला विचारा. आणि डॉक्टरांना दोघांनी मिळून खरं सांगा, दिवसाच्या किती गोळ्या खरोखर पोटात जातात. नाहीतर रिपोर्टमध्ये फॉस्फरस वाढलेला दिसतो, डॉक्टर समजतात गोळी कमी पडतेय, आणि आणखी दोन वाढवून देतात. महाग पडत असतील तर तेही सांगा, जनऔषधी केंद्रात चौकशी करा. बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नंतर, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

एक भीती वाटते म्हणून विचारते: किडनी नुकती बिघडली तेव्हा डॉक्टरांनी डाळ-अंडी कमी करा असं सांगितलं होतं का, आणि तुम्ही अजून तेच पाळताय का? डायलिसिस सुरू झालं की ते उलटं होतं. मशीनबरोबर थोडं प्रोटीनही जातं, तेव्हा किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, ह्यांना दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. अंड्याचा पांढरा बलक, ताजी मासळी, चिकन द्या. 'हे नको, ते नको' ऐकून ऐकून विटलेल्या माणसाला "आज तुमच्यासाठी ताजा बांगडा आणलाय" हे ऐकू दे. फळात सफरचंद, नासपती, अननसाची एखादी फोड. पाच धारांचं, कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट-गोड फळ, ज्याला कुणी करमळ म्हणतं कुणी कमरख, ते शाळांबाहेर मिळतं. त्याची एक फोडसुद्धा ह्यांच्या तोंडी नको. किडनीच्या रुग्णाला त्याने उचक्या लागतात, भ्रम होतो, झटके येतात. शुगर एकदम उतरली तर साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, मोसंबीचा रस नाही. आणि पायदुखीला मनाने पेनकिलर नको. जी काही लघवी शिल्लक आहे ती त्याने जाते, आणि प्यायला मिळणारं पाणीही मग तेवढं कमी होतं.

"मरायचंच आहे तर खाऊन मरू दे." हे वाक्य रागाचं असू शकतं. डायलिसिसवर मन खचणं फार होतं, त्यामुळे ते फक्त रागाचं नसूही शकतं. जेवणाची वेळ सोडून, सून-मुलगा नसताना, शांतपणे विचारा, "तुम्हाला खरंच जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही. "हो" म्हणाले, किंवा झोप उडाली आहे, बोलणं कमी झालंय, आवडीच्या गोष्टीतही मन नाही असं दिसलं, तर किडनीच्या डॉक्टरांना लगेच सांगा आणि मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र सुरू असते, मराठीत बोलता येतं. तुम्हालाही तिथे फोन करता येईल, ताई. चौदा महिने तुम्हीही आठवड्यातून तीन सकाळी त्या बाकावर बसताय.

मुलाला मात्र एक काम द्या. "सोड ना" म्हणतो तर दोन सोमवार त्याने बाबांबरोबर जावं, चार तास थांबावं. त्या सकाळी तुम्ही खारेगावच्या बाजारात सावकाश फिरा.

मिठाच्या पिशवीवर तारीख लिहायला विसरू नका. पुढच्या पत्रात ह्यांचं वजन नका कळवू, ती किती दिवस पुरली तेवढं लिहा.